व्हर्च्युअल मशीनमध्ये विंडोज एक्सपी: आधी काय, नंतर काय, आणि गाडी कुठे अडते

जुनं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नाही, म्हणून एक्सपी व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या नकली कॉम्प्युटरमध्ये, टाकायची ठरते. इन्स्टॉलेशन बहुतेकांना जमतं. घोळ होतो तो क्रमात. एक्सपी चढवून झाल्यावर हार्डवेअरची सेटिंग बदलली जातात आणि निळा पडदा येतो. पहिल्याच दिवशी नेटवर्क जोडलं जातं आणि सुरक्षेचा विचार नंतर सुचतो. स्नॅपशॉटलाच, म्हणजे मशीनच्या त्या क्षणीच्या जतन केलेल्या स्थितीलाच, बॅकअप समजलं जातं आणि महिन्याभराचं काम एका क्लिकमध्ये जातं. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा.

उदाहरणासाठी व्हर्च्युअलबॉक्स घेतलं आहे, कारण ते मोफत आहे आणि विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींवर मिळतं. व्हीएमवेअरमध्ये मेन्यूंची नावं बदलतील, पण कारणं तीच राहतील. ज्या खऱ्या कॉम्प्युटरवर हे सगळं चालणार तो होस्ट आणि आत चालणारी एक्सपी म्हणजे गेस्ट, हे दोन शब्द पुढे सतत येतील.

टप्पा १: होस्ट तयार आहे का ते बघा

विंडोज होस्टवर टास्क मॅनेजर उघडा, "परफॉर्मन्स" मध्ये "सीपीयू" निवडा आणि "व्हर्च्युअलायझेशन" समोर "एनेबल्ड" लिहिलंय का ते पाहा. नसेल तर बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन ते चालू करा. इंटेलच्या बोर्डवर त्याचं नाव व्हीटी-एक्स किंवा "व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी" असं असतं, एएमडीच्या बोर्डवर बहुधा "एसव्हीएम मोड".

व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) चालू असताना खिडकीच्या खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसलं, तर विंडोजचा स्वतःचा व्हर्च्युअल मशीन चालवणारा हायपर-व्ही मागे चालू आहे आणि व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्यामार्फत काम करावं लागतंय, असा त्याचा अर्थ. वेग कमी होतो आणि काही मशीनवर एक्सपी अडखळते. "टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ" मध्ये हायपर-व्ही, "व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म" आणि "विंडोज हायपरवायझर प्लॅटफॉर्म" यांच्या खुणा काढून रीस्टार्ट केलं की बरेचदा कासव जातं. लिनक्ससाठीचं डब्ल्यूएसएल २ यावरच चालतं, त्यामुळे ते वापरत असाल तर बंद पडेल. "कोअर आयसोलेशन" मधली "मेमरी इंटिग्रिटी" बंद करण्याचा सल्लाही जागोजागी वाचायला मिळतो. ती होस्टची सुरक्षा आहे. एक्सपी कासवासकट कामापुरती चालत असेल तर या सुरक्षेला हात लावू नका.

ॲपलच्या एम मालिकेतल्या चिपच्या मॅकवर हा रस्ता बंद आहे, कारण व्हर्च्युअलबॉक्स तिथे इंटेलसाठी बनलेली एक्सपी चालवत नाही. तिथे यूटीएम हे ॲप वापरून पूर्ण इम्युलेशन, म्हणजे इंटेल प्रोसेसरचीच नक्कल, करावं लागतं. ते हळू चालतं, पण साध्या कामाला पुरतं.

टप्पा २: सामान आधी गोळा करा

हे होस्टवरच आणि इन्स्टॉलेशनच्या आधी करायचं. एक्सपीत शिरून इंटरनेटवरून काही उतरवू असं मनात असेल तर ते होणार नाही. तिथलं शेवटचं इंटरनेट एक्सप्लोरर ८ टीएलएस १.० च्या पुढचं एन्क्रिप्शन बोलत नाही, त्यामुळे आजच्या बहुतेक साइट उघडतच नाहीत. लागणारं सामान असं:

- तुमच्या मालकीची एक्सपीची सीडी किंवा तिची आयएसओ फाइल (सीडीची हुबेहूब प्रत), शक्यतो सर्व्हिस पॅक ३ सकट.
- त्याच सीडीच्या प्रकारची प्रॉडक्ट की. रिटेल (दुकानातून घेतलेली), ओईएम (कॉम्प्युटरसोबत आलेली) आणि व्हॉल्यूम (कंपन्यांसाठीची) या तिन्हींच्या की एकमेकांच्या सीडीवर चालत नाहीत. "की चुकीची आहे" असा संदेश आला तर पहिला संशय इथे घ्या.
- सीडी सर्व्हिस पॅक १ किंवा २ ची असेल तर सर्व्हिस पॅक ३ ची पूर्ण इन्स्टॉलर फाइल.
- सपोर्ट संपल्यावर आलेले दोन पॅच. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला, तरी वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरल्यावर मे २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने केबी४०१२५९८ दिला आणि ब्लूकीप या सुरक्षेतल्या फटीसाठी मे २०१९ मध्ये केबी४५००३३१. दोन्हींची ३२-बिट एक्सपीची आणि तुमच्या भाषेची आवृत्ती घ्या.
- जे सॉफ्टवेअर चालवायचंय त्याचा इन्स्टॉलर, त्याची की, आणि त्याला लागणारे रनटाइम.

"लाइट", "अल्टिमेट", "प्री-ॲक्टिव्हेटेड" अशा नावाच्या आयएसओ फाइल घेऊ नका. त्यात कोणी काय काढलं आणि काय घातलं हे बाहेरून कळत नाही. वर, नेमकं तुमच्या सॉफ्टवेअरला लागणारा घटक त्यातून गायब असण्याची शक्यता मोठी.

आता पॅच आणि इन्स्टॉलर एका फोल्डरमध्ये ठेवा आणि त्या फोल्डरची आयएसओ बनवा. वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. व्हर्च्युअलबॉक्समध्ये ऑप्टिकल डिस्क निवडायच्या खिडकीत "क्रिएट व्हीआयएसओ" असा पर्याय असतो. त्यात फाइल टाकल्या की गेस्टला ती सीडी म्हणूनच दिसते. नेटवर्क न जोडता आत सामान नेण्याचा हा सगळ्यात सुरक्षित मार्ग आहे, कारण सीडीवर गेस्ट काहीही लिहू शकत नाही.

टप्पा ३: मशीन बनवा, पण सुरू करू नका

"न्यू" दाबून प्रकार "विंडोज एक्सपी ३२-बिट" निवडा. व्हर्च्युअलबॉक्स ७ मध्ये इथेच आयएसओ दिली की तो अनअटेंडेड इन्स्टॉलेशन म्हणजे आपोआप होणारं इन्स्टॉलेशन करू बघतो. ते टाळा. नाहीतर युजरचं नाव, पासवर्ड आणि विभाजन सगळं तोच ठरवतो, आणि की बसली नाही तर अर्ध्यात अडकतो.

मग सेटिंगमध्ये जाऊन एकेक गोष्ट ठरवा. या मार्गदर्शकात सगळ्यात जास्त वेळ द्यायची जागा हीच. एक्सपी इन्स्टॉल होताना समोर जे हार्डवेअर दिसतं त्याप्रमाणे स्वतःचा गाभा निवडते, आणि नंतर ते बदललं की तिला उठताच येत नाही.

*मेमरी:* ५१२ एमबी पुरते, मोठ्या सॉफ्टवेअरसाठी १ जीबी. ३२-बिट एक्सपी ४ जीबीच्या पुढे बघूच शकत नाही, आणि तिथपर्यंत देण्याचीही गरज नसते.

*प्रोसेसर:* एक. एकावर इन्स्टॉल करून नंतर दोन केले तर एक्सपी दुसरा वापरत नाही, कारण तिने एकाच प्रोसेसरचा एचएएल (हार्डवेअरशी बोलणारा गाभा) बसवलेला असतो. सॉफ्टवेअरला खरंच दोन लागत असतील तर आत्ताच दोन द्या, "आय/ओ एपिक" हे सेटिंग चालू ठेवून.

*एसीपीआय (वीज आणि हार्डवेअर सांभाळण्याची पद्धत):* चालूच ठेवा. ते बंद ठेवून एक्सपी टाकली तर जुन्या पद्धतीचा एचएएल बसतो, रिकाम्या वेळी प्रोसेसरला विश्रांती मिळत नाही, आणि आत काहीच चालू नसताना होस्टचा एक कोअर पूर्ण व्यापलेला दिसतो. इन्स्टॉलेशननंतर हे सेटिंग बदलायचं नाही.

*ईएफआय (बायोसची नवी पद्धत):* बंद. एक्सपी जुन्या बायोसवरच बूट होते. "हार्डवेअर क्लॉक इन यूटीसी" हीसुद्धा खूण नको, नाहीतर घड्याळ काही तासांनी मागेपुढे दिसेल.

*डिस्कचा कंट्रोलर:* आयडीई (डिस्क जोडण्याची जुनी पद्धत), प्रकार पीआयआयएक्स४. एक्सपीच्या सीडीवर साटा एएचसीआय या नव्या पद्धतीचा ड्रायव्हर नसतो. साटा ठेवला तर सेटअप "हार्ड डिस्क सापडली नाही" म्हणतो. आयडीईवर बसलेली एक्सपी नंतर वेगासाठी म्हणून साटावर हलवली, तर बूट होताना शेवटी ७बी असलेला स्टॉप एरर येतो. त्यावर उपाय म्हणजे कंट्रोलर परत आयडीई करणे. पुन्हा इन्स्टॉल करायची गरज नाही.

*डिस्क:* व्हीडीआय प्रकारची, आकार वाढत जाणारी, २० जीबी.

*ग्राफिक्स:* कंट्रोलर व्हीबॉक्सव्हीजीए, व्हिडिओ मेमरी ३२ एमबी किंवा जास्त. व्हीबॉक्सएसव्हीजीए हा विंडोज ७ आणि पुढच्यांसाठी आहे. ६.१ आवृत्तीपासून या जुन्या कंट्रोलरवर थ्रीडी मिळत नाही, त्यामुळे थ्रीडी खेळ हा हेतू असेल तर इथे वेळ घालवू नका.

*आवाज:* आयसीएच एसी९७.

*यूएसबी:* २.० पर्यंत. ३.० चा ड्रायव्हर एक्सपीत नाही.

*नेटवर्क:* कार्ड चालू, प्रकार पीसीनेट-फास्ट ३, पण "अटॅच्ड टू" समोर "नॉट अटॅच्ड". कार्डच काढून टाकू नका. एक्सपीचं ॲक्टिव्हेशन हार्डवेअरच्या ओळखीशी बांधलेलं असतं आणि त्या ओळखीत नेटवर्क कार्डचा मॅक पत्ता (कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक) धरला जातो. कार्ड आधीपासून असलं म्हणजे नंतर फक्त वायर जोडायची उरते. पीसीनेटचा ड्रायव्हर एक्सपीसोबतच येतो, इंटेलच्या प्रो/१००० एमटी डेस्कटॉप कार्डाचा बाहेरून आणावा लागतो.

*क्लिपबोर्ड आणि ड्रॅग-अँड-ड्रॉप:* दोन्ही बंद. दुतर्फा क्लिपबोर्ड चालू असेल तर होस्टवर तुम्ही कॉपी केलेला पासवर्ड गेस्टमधल्या कोणत्याही प्रोग्रामला वाचता येतो.

> तपासा: सुरू करण्याआधी आयडीई, एक प्रोसेसर, एसीपीआय चालू, ईएफआय बंद, नेटवर्क नॉट अटॅच्ड. या पाचांपैकी एक जरी चुकलं तर पुढचा तास वाया जाऊ शकतो.

टप्पा ४: इन्स्टॉलेशन

एक्सपीची आयएसओ लावून मशीन सुरू करा. सेटअपच्या निळ्या पडद्यावर एंटर, मग परवान्याला एफ८, मग रिकाम्या जागेवर एंटर. फॉरमॅट "एनटीएफएस क्विक" निवडा. आत्ताच बनवलेल्या व्हर्च्युअल डिस्कवर खराब सेक्टर शोधत बसण्यात अर्थ नाही.

फाइल कॉपी झाल्या की मशीन स्वतः रीस्टार्ट होते आणि "सीडीवरून बूट करायला कुठलंही बटण दाबा" असा संदेश येतो. इथे काहीही दाबू नका. सवयीने बटण दाबलं की सेटअप पहिल्यापासून सुरू होतो आणि "हे तर संपतच नाही" अशी तक्रार येते.

माउस खिडकीत अडकला तर उजवं कंट्रोल दाबा, तो सुटतो. नेटवर्क आणि इंटरनेटबद्दलच्या प्रश्नांना "स्किप", ॲक्टिव्हेशनला "नंतर". रिटेल प्रतीला त्यासाठी ३० दिवस असतात, व्हॉल्यूम प्रतीला ॲक्टिव्हेशन लागत नाही. ॲडमिनिस्ट्रेटरला पासवर्ड द्या.

पहिला डेस्कटॉप लहान आणि फिकट रंगांचा दिसेल. ड्रायव्हर नसल्यामुळे तसं होतं, बिघाड नाही.

टप्पा ५: सर्व्हिस पॅक, पॅच, मग गेस्ट ॲडिशन्स

एक्सपीची सीडी काढा आणि टप्पा २ मध्ये बनवलेली सामानाची आयएसओ लावा. सर्व्हिस पॅक ३ नसेल तर तो पहिला. रीस्टार्ट करा. मग दोन्ही पॅच, पुन्हा रीस्टार्ट. त्यानंतर "डिव्हाइसेस" मेन्यूतून गेस्ट ॲडिशन्सची, म्हणजे गेस्टमध्ये बसवायच्या व्हर्च्युअलबॉक्सच्या ड्रायव्हरांची, सीडी लावा. ड्रायव्हरने विंडोज लोगो चाचणी पार केलेली नाही असा इशारा एक-दोनदा येईल, "कंटिन्यू एनीवे" दाबा. या इशाऱ्याकडे फक्त इथेच दुर्लक्ष करा, बाकी कुठल्या अनोळखी ड्रायव्हरसाठी आला तर थांबा.

क्रम उलटा केला, म्हणजे सर्व्हिस पॅकच्या आधी ॲडिशन्स टाकल्या, तर त्या अर्धवट बसतात किंवा इन्स्टॉलर सुरूच होत नाही. सगळं बरोबर करूनही नव्या ॲडिशन्स बसल्या नाहीत तर ६.१ मालिकेतली ॲडिशन्सची आयएसओ लावून बघा. होस्ट आणि ॲडिशन्सची आवृत्ती तंतोतंत एक असावी लागत नाही.

> तपासा: खिडकी लहानमोठी केली की डेस्कटॉप त्याप्रमाणे बदलतो का? माउस न अडकता आतबाहेर जातो का? "डिव्हाइस मॅनेजर" मध्ये पिवळं प्रश्नचिन्ह उरलंय का?

आता मशीन पूर्ण बंद करा. "सेव्ह स्टेट" करून नाही, स्टार्ट मेन्यूतून शटडाउन. मग पहिला स्नॅपशॉट घ्या आणि नाव "कोरी एक्सपी, पॅचसकट" असं अर्थ कळेलसं द्या.

टप्पा ६: डेटासाठी वेगळी डिस्क

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात, आणि सगळ्यात मोठं नुकसान त्यामुळेच होतं. समजा स्नॅपशॉट जूनमध्ये घेतला, सॉफ्टवेअरमध्ये ऑगस्टपर्यंत नोंदी केल्या आणि मग मशीन बिघडलं म्हणून स्नॅपशॉटवर परत गेलात. दोन महिन्यांच्या नोंदी त्याच डिस्कवर होत्या. त्या गेल्या.

उपाय: "व्हर्च्युअल मीडिया मॅनेजर" मध्ये व्हीएचडी प्रकारची १ किंवा २ जीबीची दुसरी डिस्क बनवा. मशीनला जोडण्याआधीच तिचा प्रकार "नॉर्मल" वरून "राइटथ्रू" करा. मग आयडीई कंट्रोलरवर जोडा, एक्सपीत "डिस्क मॅनेजमेंट" मधून एनटीएफएस फॉरमॅट करा आणि सॉफ्टवेअरचं डेटा फोल्डर तिथे ठेवा. राइटथ्रू डिस्कला स्नॅपशॉट शिवत नाही. सिस्टिम कितीही मागे नेली तरी नोंदी आजच्याच राहतात. शिवाय मशीन बंद असताना विंडोज होस्टवर त्या व्हीएचडी फाइलवर डबल-क्लिक केलं की ती ड्राइव्हसारखी उघडते आणि डेटा बाहेर घेता येतो. काम झालं की "इजेक्ट" करूनच मशीन पुन्हा सुरू करा. एकच डिस्क दोघांनी एकाच वेळी उघडली तर फाइल सिस्टिम खराब होते.

प्रकार "नॉर्मल" राहिला आणि स्नॅपशॉट घेतला, तर नवं लिखाण मूळ व्हीएचडीत न जाता वेगळ्या फाइलमध्ये जातं. होस्टवर उघडल्यावर डिस्कवर जुनंच काही दिसतं आणि डेटा उडाला असं वाटतं.

रोजच्या देवाणघेवाणीसाठी शेअर्ड फोल्डर सोयीचं असतं. त्यासाठी होस्टवर एक रिकामं फोल्डर बनवा आणि तेवढंच द्या, शक्य तिथे "रीड-ओन्ली" खूण करून. अख्खी सी ड्राइव्ह किंवा डॉक्युमेंट्स देणं म्हणजे जुन्या, पॅच न मिळणाऱ्या सिस्टिमच्या हाती घराच्या किल्ल्या देणं. आणखी एक गोष्ट ठामपणे टाळा: एक्सपीला नेटवर्कवरून होस्टचं फोल्डर दिसावं म्हणून होस्टवर एसएमबी १ (नेटवर्कवर फाइल शेअर करायची जुनी पद्धत) चालू करणं. एक्सपी तेवढंच बोलते हे खरं, पण वॉनाक्राय त्याच दाराने शिरला होता.

टप्पा ७: सॉफ्टवेअर, यूएसबी की आणि जुने पोर्ट

सॉफ्टवेअर टाका, सुरू करा, एक खरं काम शेवटपर्यंत करून बघा: नोंद, छपाई, सेव्ह, बंद, परत उघडणे. मगच दुसरा स्नॅपशॉट.

यूएसबी लॉक (सॉफ्टवेअर उघडायला लागणारी यूएसबी की) लागत असेल तर सेटिंगमध्ये त्याचा फिल्टर घाला म्हणजे तो दर वेळी आपोआप गेस्टकडे जाईल. गेस्टकडे गेलेलं उपकरण होस्टला दिसेनासं होतं, हे अपेक्षितच आहे. सीरियल पोर्टवरचं यंत्र असेल तर "सीरियल पोर्ट्स" मध्ये "होस्ट डिव्हाइस" निवडून होस्टचा पोर्ट द्या. यूएसबी ते सीरियल ॲडॅप्टर असेल तर त्याचा ड्रायव्हर होस्टवरच बसवून असा पोर्ट देणं बरं, म्हणजे एक्सपीसाठी त्याचा जुना ड्रायव्हर शोधावा लागत नाही.

टप्पा ८: नेटवर्क, लागलंच तर

बहुतेक कामांना लागत नाही, आणि माझा आग्रह "नॉट अटॅच्ड" वरच राहण्याचा आहे. लागलंच तर:

- फक्त होस्टशी बोलायचं असेल: "होस्ट-ओन्ली".
- दोन जुन्या गेस्टना आपसात बोलायचं असेल: "इंटर्नल नेटवर्क".
- परवान्याची तपासणी बाहेर करायची असेल: तेवढ्यापुरतं "नॅट", काम झालं की परत बंद.
- "ब्रिज्ड": नको. यात एक्सपी तुमच्या नेटवर्कवर स्वतंत्र मशीन म्हणून उभी राहते आणि तिच्यापर्यंत कोणीही पोचू शकतं.

> इशारा: नॅटमध्ये बाहेरून आत येता येत नाही, म्हणून ते पूर्ण सुरक्षित असा समज आहे. पण आतून बाहेर सगळं जातं. गेस्टमध्ये काही घुसलं तर ते नॅटमधून तुमच्या घरच्या किंवा ऑफिसच्या नेटवर्कवरच्या बाकी मशीनपर्यंतही पोचू शकतं.

नेटवर्क जोडलेलं असताना एक्सपीत ब्राउझिंग, ईमेल आणि बँकेचं काम करायचं नाही. एक्सपीची फायरवॉल चालू ठेवा आणि सॉफ्टवेअर चालत असेल तर "लिमिटेड" खात्यातूनच काम करा.

टप्पा ९: बॅकअप आणि दुसऱ्या मशीनवर नेणे

स्नॅपशॉट मूळ डिस्कवर अवलंबून असतो. ती फाइल खराब झाली की सगळे स्नॅपशॉट एकदम निकामी होतात. म्हणून मशीन पूर्ण बंद करून त्याचं अख्खं फोल्डर आणि डेटाची व्हीएचडी वेगळ्या डिस्कवर कॉपी करा. "स्नॅपशॉट्स" फोल्डरमधल्या फाइल जागा करण्यासाठी हाताने पुसू नका. त्या व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीतूनच काढायच्या, म्हणजे त्यातला बदल मूळ डिस्कमध्ये नीट मिसळतो.

नव्या कॉम्प्युटरवर नेताना "एक्सपोर्ट ॲप्लायन्स" वापरलं तर स्नॅपशॉटची साखळी जात नाही, फक्त सध्याची स्थिती जाते. मॅक पत्त्याचा पर्याय येईल तिथे सर्व पत्ते तसेच ठेवा, नाहीतर ॲक्टिव्हेशन पुन्हा मागू शकतं. हलवण्याआधी सेव्ह केलेली स्थिती ठेवू नका. वेगळ्या प्रोसेसरवर किंवा नव्या व्हर्च्युअलबॉक्समध्ये ती उघडेलच असं नाही.

इंटेलवरून एएमडीच्या होस्टवर गेल्यावर एक्सपी बूट होताना निळा पडदा आला आणि त्यावर ७ई दिसलं, तर बहुधा इंटेलपीपीएम हा ड्रायव्हर अडतोय. सेफ मोडमध्ये जाऊन रजिस्ट्रीत त्या सर्व्हिसची "स्टार्ट" किंमत ४ करा आणि रीस्टार्ट करा.

कॉपी घेतल्यावर ती एकदा उघडून बघा: दुसऱ्या मशीनवर, डेटाच्या डिस्कसकट, सॉफ्टवेअरमधली शेवटची नोंद दिसेपर्यंत.